सवानीचा १८९९चा फुटबॉल हंगाम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या सुरुवातीच्या दिवसांचा विषय निघाला की मी हटकून या एका संघावर येतो, आणि मग प्रश्नही याच संघाबद्दल येतात. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा आल्यामुळे उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. आधी अगदी प्राथमिक प्रश्न घेतले आहेत, अडचणीचे पुढे आहेत. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे तसं सांगितलं आहे.

हा संघ कुठला? नाव 'सेवानी' की 'सवानी'?

'युनिव्हर्सिटी ऑफ द साउथ' या विद्यापीठाचा. हे विद्यापीठ अमेरिकेच्या टेनेसी राज्यात, कंबरलँड पठारावरच्या एका छोट्या गावात आहे. गावाचं नाव सवानी, आणि विद्यापीठालाही सगळे याच नावाने ओळखतात. उच्चारात पहिलं अक्षर हलकं, जोर 'वा'वर. इंग्रजी स्पेलिंग पाहून आपण 'सेवानी' म्हणतो, पण तिथलं कुणी तसं म्हणत नाही.

एपिस्कोपल चर्चच्या दक्षिणेतल्या धर्माधिकाऱ्यांनी १८५७ मध्ये विद्यापीठ स्थापन केलं. मग अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध आलं आणि सगळं विस्कटलं. प्रत्यक्ष शिकवणं सुरू झालं १८६८ मध्ये, तेही ९ विद्यार्थी आणि ४ शिक्षक एवढ्यावर. इथला फुटबॉल संघ दुसऱ्या कॉलेजांशी खेळू लागला १८९१ पासून. म्हणजे ज्या हंगामाबद्दल आपण बोलतो आहोत, तेव्हा इथे या खेळाला दहा वर्षंही झाली नव्हती.

हा आपल्याकडे खेळतात तो फुटबॉल का?

नाही. हा अंडाकृती चेंडूचा, हाताने चेंडू धरून पळायचा खेळ. मात्र आज टीव्हीवर दिसणारा अमेरिकन फुटबॉल डोळ्यांसमोर आणलात तरी चुकेल. १८९९चा खेळ रग्बीच्या कितीतरी जवळचा होता. चेंडू हाताने पुढे फेकून साथीदाराला देणं, ज्यावर आजचा सगळा खेळ चालतो, ते तेव्हा नियमाबाहेर होतं. त्याला परवानगी मिळाली १९०६ मध्ये.

मग १८९९ मध्ये नेमके नियम काय होते?

हे नीट समजून घ्या, कारण पुढची बरीच उत्तरं यावरच उभी आहेत.

मैदान ११० यार्ड लांब, आजच्यापेक्षा १० यार्डांनी मोठं. खेळ ३५-३५ मिनिटांच्या दोन डावांचा. दोन्ही कप्तानांच्या संमतीने डाव छोटे करता येत, आणि ते सर्रास केले जात. तीन प्रयत्नांत ५ यार्ड पुढे सरकायचं, नाही जमलं तर चेंडू समोरच्याकडे. ५ यार्ड म्हणजे साधारण साडेचार मीटर. अंतर एवढं कमी आणि हवेतून पास नाही, त्यामुळे सगळी झुंबड मधोमध. चेंडू घेतलेल्या गड्याला त्याचेच साथीदार मागून ढकलत, पुढून ओढत. समोरचे अकरा जण त्याला अडवायला तुटून पडत. हुतूतूत एकाच गड्यावर सातही जण पडलेले ज्यांनी पाहिले आहेत त्यांना थोडी कल्पना येईल, फक्त इथे दोन्ही बाजूंनी माणसं पडत आणि तेच सत्तर मिनिटं चाले.

गुणांचा हिशेब असा: टचडाउनचे (चेंडू घेऊन समोरच्याच्या गोलरेषेपलीकडे पोचणं) ५, टचडाउननंतरची किक साधली तर आणखी १, मैदानातून गोलखांबांमधून किक मारून केलेल्या फील्ड गोलचेही ५, आणि सेफ्टीचे (समोरच्याला त्याच्याच गोलरेषेमागे चेंडूसकट अडवणं) २. फील्ड गोल टचडाउनच्याच तोलाचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवा.

हेल्मेट सक्तीचं नव्हतं. कॉलेज फुटबॉलमध्ये ते सक्तीचं व्हायला १९३९ उजाडलं. आणि एकदा बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नसे.

संपूर्ण हंगामाचे निकाल एका जागी मिळतील का?

हे घ्या. तारीख, समोरच्या कॉलेजचं नाव, सामन्याचं गाव आणि गुण; पहिला आकडा सवानीचा.

२१ ऑक्टोबर, जॉर्जिया, अटलांटा: १२–०
२३ ऑक्टोबर, जॉर्जिया टेक, अटलांटा: ३२–०
२८ ऑक्टोबर, टेनेसी, सवानी: ४६–०
३ नोव्हेंबर, साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन, सवानी: ५४–०
९ नोव्हेंबर, टेक्सस, ऑस्टिन: १२–०
१० नोव्हेंबर, टेक्सस ए अँड एम, ह्यूस्टन: १०–०
११ नोव्हेंबर, टुलेन, न्यू ऑर्लिन्स: २३–०
१३ नोव्हेंबर, लुईझियाना स्टेट, बॅटन रूज: ३४–०
१४ नोव्हेंबर, मिसिसिपी, मेम्फिस: १२–०
२० नोव्हेंबर, कंबरलँड, सवानी: ७१–०
३० नोव्हेंबर, ऑबर्न, माँटगोमरी: ११–१०
२ डिसेंबर, नॉर्थ कॅरोलिना, अटलांटा: ५–०

बारा सामने, बारा विजय. एकूण गुण ३२२ विरुद्ध १०. अकरा संघांना खातंही उघडता आलं नाही.

'सहा दिवसांत पाच सामने' म्हणतात ते कुठले?

वरच्या यादीतले ९ ते १४ नोव्हेंबरचे. गुरुवारी ऑस्टिन, शुक्रवारी ह्यूस्टन, शनिवारी न्यू ऑर्लिन्स, रविवारी सुट्टी, सोमवारी बॅटन रूज, मंगळवारी मेम्फिस. पाच सामन्यांत मिळून ९१–०.

नकाशा उघडून ही पाच गावं बोटाने जोडून पाहा, म्हणजे खरी गंमत कळेल. सामना संपला की गाडी, रात्र गाडीत, सकाळी नवं गाव, दुपारी नवा संघ. समोरचा संघ घरच्या बिछान्यात झोपून ताजातवाना आलेला, आणि हे आदल्या दिवशीची सुजलेली अंगं घेऊन उतरणार. डोंगरावरून निघून परत येईपर्यंत आगगाडीचा प्रवास झाला सुमारे २,५०० मैल, म्हणजे ४,००० किलोमीटर.

रविवारी न खेळणं हे विश्रांतीपेक्षा धर्माचं कारण होतं. चर्चचं विद्यापीठ, रविवारचा सामना कुणाच्या मनातही आला नसता. तो दिवस त्यांनी लुईझियानातल्या एका उसाच्या मळ्यावर घालवला.

इतका जीवघेणा दौरा आखला कुणी, आणि कशासाठी?

आखला ल्यूक ली याने. वय वीस, विद्यार्थीच, आणि संघाचा मॅनेजर. त्या काळी सामने ठरवणं, गाडीची तिकिटं, हॉटेल, पैशांचा हिशेब ही कामं बहुतेक कॉलेजांत विद्यार्थीच करत.

कारण होतं पैसा. दरवर्षी सवानीचा सर्वात मोठा सामना नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाशी व्हायचा आणि तिकिटांची मोठी कमाई तिथून यायची. १८९९ मध्ये त्या कमाईच्या वाटणीवरून दोघांचं फाटलं आणि सामनाच रद्द झाला. हंगामाचा खर्च भरून काढायचा कसा? ली याने दूरच्या गावांतल्या संघांशी पत्रव्यवहार केला. एवढ्या लांब जायचं तर एका सामन्यासाठी गाडीखर्च परवडणार नव्हता, म्हणून वाटेवरचे सगळे सामने लागोपाठ लावले.

माझ्या मते या हंगामाचं मर्म इथे आहे. लोक याला केवळ पोलादी पोरांची कहाणी म्हणून सांगतात, आणि पोरं पोलादी होतीच. पण हा दौरा निघाला तो भांडणातून आणि रिकाम्या तिजोरीतून. वीस वर्षांच्या एका मुलाने वहीत आकडे मांडले, ते जुळवले आणि मग एकवीस जण ते निभवायला निघाले. आखणाऱ्याचं श्रेय खेळणाऱ्यांच्या श्रेयाइतकंच आहे असं मला मनापासून वाटतं.

गाडीत पाण्याची पिंपं नेली आणि बूट विसरले, हे खरं का?

पाण्याचं खरं. सवानीच्या झऱ्याचं पाणी पिंपांत भरून गाडीत चढवलं होतं. आज हे विचित्र वाटेल, पण १८९९ मध्ये परगावच्या पाण्याने पोट बिघडणं, टायफॉइड होणं ही नेहमीची गोष्ट होती. दोन खेळाडू आडवे झाले असते तर दौरा तिथेच संपला असता. पंढरीच्या वाटेवर घरचं पाणी बरोबर बांधून घेणाऱ्या आपल्या आज्यांना हा शहाणपणा समजावून सांगावा लागला नसता.

बुटांची गोष्ट सवानीत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते: गाडी सुटल्यावर लक्षात आलं की खेळायचे बूट फलाटावरच राहिले, मग तार करून ते मागच्या गाडीने मागवले. सांगणारे तपशील बदलतात. मी ती आठवण म्हणून सांगतो, नोंद म्हणून नाही.

संघात किती जण होते? बदली खेळाडू होते का?

दौऱ्यावर २१ खेळाडू गेले, पण प्रत्यक्ष भार अकराबारा जणांवरच पडला. बाहेर गेलेल्याला परत येता येत नसल्यामुळे (नियमांचं उत्तर पाहा) कप्तान शक्यतो कुणाला काढतच नसत. मार लागला तर पट्टी बांधायची आणि पुढे.

कप्तान होता अलाबामातल्या माँटगोमरीचा हेन्री सीबल्स, सगळे त्याला 'डिडी' म्हणत. ऑस्टिनच्या सामन्यात त्याचं डोकं फुटलं, तरी तो मैदानावरच राहिला. पुढे १९७३ मध्ये कॉलेज फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, त्याचा समावेश झाला. किक मारण्याचं आणि मधून घुसण्याचं काम ऑर्मंड सिमकिन्सचं. पास नसलेल्या खेळात लांब किक मारणारा गडी म्हणजे अर्धा संघ. क्वार्टरबॅक, म्हणजे चाली पुकारणारा गडी, विल्सन, टोपणनाव 'वॉर्ब्लर'. आणि पुढच्या फळीतला गार्ड 'वाइल्ड बिल' क्लेबोर्न.

प्रशिक्षक होते हर्मन सटर, प्रिन्स्टनमध्ये शिकलेले. त्या काळी फुटबॉलची विद्या ईशान्येकडच्या हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन या कॉलेजांत होती आणि दक्षिणेतली कॉलेजं तिथून माणसं बोलावून ती शिकत.

कॅल बरोज हे नाव कुठेतरी वाचलं. तो खेळाडू होता का?

नाही. कॅल बरोज हा संघाचा ट्रेनर, कृष्णवर्णीय. दौऱ्यात तो संघाबरोबर होता. सहा दिवसांत पाच सामने खेळून माणसं उभी राहिली, त्यामागे रोज रात्री डब्यात कुणीतरी त्यांची अंगं चोळली, जखमा बांधल्या, मुरगळलेले पाय बसवले हे उघड आहे. ते काम ट्रेनरचं. तरी बहुतेक जणांच्या सांगण्यात त्याचं नाव येत नाही. मी ते मुद्दाम घेतो.

त्याला त्या विद्यापीठात विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळाला नसता. सवानी फक्त गोऱ्यांसाठी होतं, आणि तिच्या संस्थापकांत गुलाम बाळगणारे होते. त्यांपैकी बिशप लिओनिडस पोक यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्यात जनरल झाला. यादीतले बाराही प्रतिस्पर्धी संघ गोऱ्यांचेच. कृष्णवर्णीय कॉलेजं तेव्हा फुटबॉल खेळत नव्हती असं मात्र नाही. २७ डिसेंबर १८९२ रोजी नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्झबरी इथे बिडल आणि लिव्हिंगस्टन या कॉलेजांत त्यांचा पहिला सामना झाला होता. दोन्ही जग शेजारी होती आणि एकमेकांशी खेळू शकत नव्हती. 'दक्षिणेतला अजिंक्य संघ' म्हणताना हे ध्यानात ठेवावं.

सगळ्यांना शून्यावर रोखलं, मग ऑबर्नने १० गुण कसे केले?

ऑबर्न वेगळ्या पातळीवर होता. त्याचे प्रशिक्षक जॉन हाइझमन, ज्यांच्या नावाचा करंडक आज दरवर्षी अमेरिकेतल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूला देतात तेच. वेगवान, आखीव खेळ ही त्यांची ओळख. ३० नोव्हेंबरला, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, कप्तान सीबल्सच्या गावी माँटगोमरीला हा सामना झाला आणि ११–१० असा सुटला.

एका गुणाचा फरक. त्या वेळच्या गुणपद्धतीत एक गुण म्हणजे टचडाउननंतरची एक किक, बस. हाइझमन यांनी नंतर पंचांच्या निर्णयांवर वर्तमानपत्रातून जाहीर नाराजी व्यक्त केली. सवानीचा विजय नोंदीत पक्का आहे, पण हा सामना ऑबर्नकडे गेला असता तर नवल नव्हतं. ७१–० पेक्षा हा ११–१० मला जास्त मोलाचा वाटतो.

आणखी एक. हा सामना गुरुवारी झाला आणि शनिवारी अटलांटात नॉर्थ कॅरोलिनाशी गाठ होती. तिथे ५–०.

मग १८९९चा राष्ट्रीय विजेता सवानी का नाही?

कारण तेव्हा राष्ट्रीय विजेता ठरवायची पद्धतच नव्हती. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेची संघांची साप्ताहिक क्रमवारी सुरू झाली १९३६ मध्ये. त्याआधीच्या वर्षांचे 'विजेते' नंतरच्या अभ्यासकांनी मागे वळून ठरवलेले आहेत, आणि १८९९साठी बहुतेकांची पसंती हार्वर्डला आहे: दहा विजय आणि येलशी ०–० बरोबरी. ईशान्येचे संघ दक्षिणेत येत नसत, दक्षिणेचे तिकडे क्वचित जात. दोघांची तुलना करायला मैदानावरचा पुरावाच नाही. दक्षिणेतल्या कॉलेजांच्या संघटनेचं १८९९चं विजेतेपद मात्र निर्विवाद सवानीचं.

हरवलेले संघ दुबळे होते, असं एक जण म्हणाला. त्यात तथ्य आहे का?

थोडं आहे, आणि ते मान्य करायला हरकत नाही. ५४–० ने हरलेलं साउथवेस्टर्न प्रेस्बिटेरियन हे छोटं कॉलेज, आजचं मेम्फिसचं ऱ्होड्स कॉलेज. जॉर्जिया टेकचे चांगले दिवस हाइझमन १९०४ मध्ये तिथे गेल्यावर आले. टेक्सस, लुईझियाना स्टेट, टेनेसी ही नावं आज डोंगराएवढी वाटतात, पण आजचा दबदबा १८९९ला चिकटवता येत नाही.

तरीसुद्धा समोरचा संघ कच्चा असला तरी त्याला एकही गुण न देणं, तेही चौथ्या, पाचव्या सामन्यात, हे पायांत त्राण नसताना करायचं काम आहे. दौऱ्यातले तीन विजय १०–० आणि १२–० असे आहेत. म्हणजे ते सोपे नव्हते.

आजच्या गुणपद्धतीने हे निकाल कसे दिसले असते?

सरळ गुणाकार करून चालणार नाही, कारण ५ गुण टचडाउनचे की फील्ड गोलचे हे फलकावरून कळत नाही. फील्ड गोल १९०४ मध्ये ४ गुणांचा आणि १९०९ मध्ये ३ गुणांचा झाला, टचडाउन १९१२ मध्ये ६ गुणांचं. म्हणून एकच ५–० आज ३–० होऊ शकतो किंवा ६–० सुद्धा. ३२२ला आजच्या गुणांत बदलून दिलेला आकडा कुणी पाठवला, तर प्रत्येक सामन्याचा तपशील पाहिलात का, असं विचारा.

सवानी मोठ्या लीगमध्ये एकही सामना जिंकली नाही असं वाचलं. तोच संघ?

विद्यापीठ तेच, काळ वेगळा. १९३२ मध्ये 'साउथईस्टर्न कॉन्फरन्स' स्थापन झाली तेव्हा सवानी संस्थापक सदस्यांत होती. तोवर मोठ्या सरकारी विद्यापीठांकडे विद्यार्थी, पैसा, स्टेडियम सगळं आलं होतं आणि डोंगरावरचं छोटं कॉलेज तेवढंच राहिलं होतं. त्या लीगमध्ये सवानीने ३७ सामने खेळले आणि सगळे हरले. १९४० मध्ये ती बाहेर पडली. आज ती खेळासाठी शिष्यवृत्ती न देणाऱ्या तिसऱ्या श्रेणीत खेळते.

मला यात काही लाजिरवाणं दिसत नाही. अभ्यासासाठी आलेल्या मुलांनीच खेळायचं हे त्यांनी ठरवलं आणि पाळलं.

खेळाडूंचं पुढे काय झालं?

क्लेबोर्न धर्मोपदेशक झाला, सवानीच्या परिसरातच आर्चडीकन म्हणून राहिला. सिमकिन्सला या खेळाची मोठी किंमत मोजावी लागली. खेळातल्या दुखापतींपायी पुढे त्याचे दोन्ही पाय कापावे लागले. किक मारणाऱ्या माणसाचे पाय. त्या काळच्या मर्दुमकीच्या गोष्टी सांगताना मी हे वगळत नाही. १९०५ मध्ये खेळातल्या मृत्यूंवरून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या कॉलेजांना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं, ते उगाच नव्हे. दुसऱ्या वर्षीच्या नव्या नियमांत पास आला आणि ५ यार्डांचे १० यार्ड झाले.

ल्यूक लीचं आयुष्य सर्वात वादळी. नॅशव्हिलमध्ये वर्तमानपत्र काढलं, १९११ ते १९१७ अमेरिकेच्या सिनेटमध्ये होता. पहिल्या महायुद्धात कर्नल झाला, आणि जानेवारी १९१९ मध्ये काही साथीदार घेऊन थेट हॉलंडमधल्या आमरोंगनच्या गढीत शिरला, पदच्युत जर्मन सम्राट कैसर विल्हेल्मला उचलून आणायला. कैसर भेटला नाही, हात हलवत परतावं लागलं. पुढे बँकेच्या एका खटल्यात तुरुंगवास झाला, नंतर माफी मिळाली. वाटेवरचे सगळे सामने एका आठवड्यात लावणारा मुलगा पन्नाशीतही तसाच होता.

तिथे जाऊन पाहण्यासारखं काही आहे का?

नॅशव्हिल, चॅटनूगा किंवा अटलांटाकडे राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हा प्रश्न नेहमी येतो. नॅशव्हिलहून चॅटनूगाला जाताना महामार्ग २४ वर माँटीगल लागतं, तिथून सवानी अगदी जवळ. दगडी इमारती, ऑल सेंट्स चॅपल, आणि १८९१ पासून वापरात असलेलं फुटबॉलचं मैदान. शरद ऋतूत शनिवारी गेलात तर तिथे सामना चालू असू शकतो. सकाळी लवकर निघा, पठारावर धुकं फार असतं.